एका धावकाला चार पिना

हॉलमध्ये सोलापुरी चादर अंथरलेली, तिच्यावर सेफ्टी पिनांचा ढीग, ढिगाच्या अल्याड मी आणि पल्याड सर. छातीवरचा नंबर लावायला एका धावकाला चार पिना लागतात. तीनच दिल्या तर मोकळा राहिलेला कोपरा वाऱ्याने फडफडतो आणि एकवीस किलोमीटर माणसाचं निम्मं लक्ष तिकडेच राहतं. म्हणून एका पिनेत तीन ओवायच्या, ती बंद करायची आणि चादरीच्या नक्षीतल्या एकेका चौकटीत एकेक जुडी मांडत जायची. नंबर ६००, म्हणजे पिना २,४००. परवा रविवारी पहाटे आमची धाव. गड्ड्याची जत्रा, म्हणजे सोलापूरच्या सिद्धेश्वराची यात्रा, जवळ आलेली, त्यामुळे निम्मे स्वयंसेवक यात्रेच्या कामात. पिना मोजायला आम्ही दोघंच उरलो होतो.

"ठराव वाचलात ना, सर?"

"वाचला. म्हणून तर आलो. पिनांचं आपलं निमित्त."

ठराव मीच लिहिला होता. धावेतून जे पैसे उरतील त्यातून सरांना दर महिन्याला मानधन द्यायचं, आणि रविवारी त्यांच्या हाताखाली धावणाऱ्या आम्हा मोठ्या माणसांनी महिन्याची फी भरायची, एवढाच मजकूर.

"कागद मागं घ्या, ताई," सर म्हणाले. "मला मानधन नको आणि फी तर अजिबात नको."

सर ३४ वर्षं पूर्वभागातल्या एका शाळेत क्रीडाशिक्षक होते. निवृत्तीला आठ वर्षं झाली तरी पहाटे पाचला मैदानावर असणं सुटलेलं नाही. तीसेक मुलंमुली त्यांच्याकडे येतात, बहुतेक पोलीस भरतीची तयारी करणारी. मुलांना १६०० मीटर, मुलींना ८००, जोडीला १०० मीटर आणि गोळाफेक, मैदानाचे एकूण ५० गुण. घरी कुणी तेलुगू बोलतं, कुणी कन्नड, कुणी उर्दू. मैदानावर सगळ्यांना सरांचं मराठी. रविवारी त्यात आमची भर पडते: डॉक्टर, वकील, चाटी गल्लीतले व्यापारी, माझ्यासारख्या बँकेत नोकरी करणाऱ्या बायका. २००४ साली मुंबई मॅरेथॉन सुरू झाली, तिची हवा हळूहळू जिल्ह्याजिल्ह्यात पोचली आणि चाळिशी ओलांडलेली माणसं बूट घेऊन पहाटे रस्त्यावर आली. त्या लाटेतली मी.

एकदा सर ट्रॅककडे पाठ करून बुटाची नाडी बांधत बसले होते. मागून सात-आठ जणांचा घोळका धावत गेला. सर वळलेही नाहीत. "डावा पाय उशिरा उचलतोस तू. थांब," एवढंच म्हणाले. ज्याला म्हणाले तो बरोबर थांबला. बूट काढला तर टाचेला फोड फुटून मोजा चिकटलेला. आठ जणांच्या सोळा पावलांतून एक पाऊल ऐकू येणं ही काय चीज आहे, हे तेव्हा मला कळलं. असं ज्ञान आम्ही पगारदार माणसं वर्षानुवर्षं फुकट घेतो, याची मला लाज वाटते. ठरावामागे दुसरं काही नव्हतं.

"लाज कसली?" सर म्हणाले. "मला पेन्शन आहे. पोरं मार्गी लागलीत. आणि पैसा वाईट असंही मी म्हणत नाही. पैसा घेतला की नजर वळते, एवढंच माझं म्हणणं. आज मैदानावर मी कुणाकडं बघतो? सगळ्यात मागं जो आहे त्याच्याकडं. पुढचा पोरगा पळतोच की. उद्या तुमचे वीस जण पैसे भरायला लागले की माझी मान आपोआप तिकडं वळणार. डॉक्टरसाहेबांचा गुडघा कसा आहे, वकीलसाहेबांचं दहा किलोमीटरचं टायमिंग का वाढलं. मग कुणीतरी म्हणणार, सर, पाच फार लवकर होतं, सहाला ठेवू या. सहाला ठेवलं की आठला यंत्रमागावर जाणारी माझी पोरं गेलीच."

"वेळ बदलायची नाही, असं ठरावातच लिहू."

"लिहिलेलं टिकतं व्हय? देणाऱ्याचं मन मोडणं लई अवघड असतं, ताई. देणगीदाराच्या पोराला कबड्डीच्या संघात घ्या म्हणून शाळेत मला कितीदा चहा पाजलाय लोकांनी."

"आणि तुम्ही घेतलंत संघात?"

"एकदा घेतलं," सर म्हणाले. "ज्याला काढलं तो पोरगा अजून रस्त्यात भेटला की खाली बघतो. म्हणून सांगतोय."

यावर माझ्याकडे लगेच उत्तर नव्हतं. मी दहा जुड्या ओवल्या.

सर पुढे म्हणाले, "आपल्या जिल्ह्यात लोक आज पळायला लागलेत का? वेळापूरचा धावा बघितलाय तुम्ही?"

पाहिला होता. आषाढीच्या वाटेवर, माळशिरस तालुक्यात, टेकडीवरून तुकोबांना पंढरीचा कळस दिसला आणि ते तिथून धावत सुटले असं सांगतात. त्याची आठवण म्हणून वारकरी आजही तो उतार धावत उतरतात. सत्तरीचे म्हातारे धावतात, डोक्यावर तुळस घेतलेल्या बायका धावतात. मी आत्याबरोबर त्या वाटेने गेले होते. अंगावर काटा आला होता, तो आजही सांगताना येतो.

"मग तिथं कोण कुणाकडनं पावती फाडतं? पाणी देणारा देतो, पाय चेपणारा चेपतो."

"सर, माझी आत्या दर वर्षी दिंडीत भिशी भरायची. त्या भिशीतून स्वयंपाक व्हायचा, ट्रकचं भाडं जायचं, तंबू लागायचे. भिशी भरली म्हणून तिची वारी उणी झाली नाही. उलट दिंडीचा हिशेब चोख असायचा, म्हणून ती त्याच दिंडीत अठरा वर्षं गेली."

"भिशी जेवणाची असते. कीर्तनाची नाही."

"कीर्तनकाराला बिदागी देतातच की."

"तुकोबांनी घेतली नाही," सर म्हणाले, आणि तो मुद्दा तिथंच थांबला. दोघांनाही तो पुढे रेटायचा नव्हता.

सरांचं दैवत आर्थर लिडियार्ड. न्यूझीलंडचा, ऑकलंडचा, बुटांच्या कारखान्यात काम केलेला माणूस. स्वतःवर प्रयोग करकरून त्याने लांब पल्ल्याच्या सरावाची पद्धत बसवली आणि आसपासच्या मुलांना तिच्यात घातलं. २ सप्टेंबर १९६० ला रोमच्या ऑलिंपिकमध्ये तासाभराच्या आत त्याच्या दोन शिष्यांनी सुवर्णपदकं घेतली: पीटर स्नेलने ८०० मीटरला, मरे हॅलबर्गने ५,००० मीटरला. हॅलबर्गचा डावा हात रग्बी खेळताना निकामी झालेला. रविवारी मैदानावर दिसणारी आमच्यासारखी मध्यमवयीन मंडळीही लिडियार्डचीच देणगी, कारण पोट सुटलेल्या, हृदयविकार होऊन गेलेल्या माणसांना त्याने हळूहळू पळायला लावलं. १९६२ मध्ये अमेरिकेतला बिल बॉवरमन हे पाहून चकित झाला आणि जॉगिंगचं वेड आपल्या देशात घेऊन गेला.

"गल्लीतली पोरं, ताई," सर म्हणाले. त्यांच्या हातातली पिन उघडीच राहिली होती. "निवडून आणलेली नाहीत. आणि हा पगारी कोच नव्हता. पोट भरायला दुसरं काम करायचा आणि उरलेल्या वेळात पोरं घडवायचा. सांगा, पैशानं झालं असतं हे?"

"पुढचंही सांगा, सर. त्या माणसाला मेक्सिकोने बोलावलं, फिनलंडने बोलावलं, पगार देऊन. आणि तो गेला. त्याच्याकडून फिनलंडचे कोच शिकले आणि १९७२ ला म्युनिकमध्ये त्यांचा लासे विरेन ५,००० आणि १०,००० दोन्ही जिंकला. घरच्यांनी शाबासकी दिली आणि परक्यांनी पगार दिला. सोलापुरातून असं कोण कोण पुण्याला गेलं, त्याची यादी तुम्हाला माझ्यापेक्षा जास्त पाठ आहे."

सर काही बोलले नाहीत. यादी त्यांना खरोखरच पाठ आहे.

माझं पैशाविषयीचं मत एका दुखण्यातून तयार झालंय, ते त्यांना आजवर नीट सांगितलं नव्हतं. सरांकडे येण्याआधी मी दुसऱ्या एका ग्रुपमध्ये धावायचे. तिथले एक ज्येष्ठ धावक सगळ्यांना प्रेमाने सल्ला देत. मनाने अतिशय चांगला माणूस. माझे दहा किलोमीटर झाले तसे ते म्हणाले, दहा जमले म्हणजे एकवीस जमतील. तीन आठवड्यांत मी अंतर दुप्पट केलं. नडगीत दुखायला लागलं तर म्हणाले, सुरुवातीला दुखतंच. मग एके दिवशी बँकेच्या तीन पायऱ्या चढवेनात. तपासणीत नडगीच्या हाडाला बारीक तडा निघाला. दोन महिने घरी. स्वयंपाकघरात स्टुलावर बसून पोळ्या लाटल्या.

"त्यांनी माझ्याकडून पैसे घेतले असते ना सर, तर मी जाऊन जाब विचारला असता. फुकट सांगणाऱ्याला काय विचारणार? उलट तेच भेटायला आले, नारळपाणी घेऊन. मीच त्यांना म्हटलं, तुमची काही चूक नाही."

"पैसे घेणारा चुकत नाही व्हय? मोबाइलवर सरावाचे तक्ते विकतात. पन्नास जणांना एकच तक्ता."

"चुकतो. पण त्याला धरता येतं."

"आणि मला?"

"तुम्हाला कोण धरणार? तुम्ही फुकट शिकवता."

हे जरा लागलंच असावं. मी बोलून गेले होते, आणि मागे घ्यावंसं वाटलं नाही. ओडिशातला बुधिया सिंग आठवत होता. मे २००६, वय चार वर्षं, पुरी ते भुवनेश्वर ६५ किलोमीटर. झोपडपट्टीतल्या त्या पोराला त्याच्या प्रशिक्षकाने स्वतःच्या घरी ठेवलं, खाऊ घातलं, त्याच्याकडून फीचा एक पैसा घेतला नाही. रस्त्याच्या दुतर्फा लोक टाळ्या वाजवत होते. शेवटी पोरगं कोसळलं. डॉक्टरांनी तपासून धोक्याचा इशारा दिला आणि सरकारने त्याच्या पळण्यावर बंदी घातली. फी घेतली नाही म्हणजे पोराकडून काहीच घेतलं नाही, असं होत नाही. नाव घेता येतं, छाती फुगवता येते, आपण कुणाचं तरी भलं करतोय ही धुंदी घेता येते. हे मी सरांना सांगितलं. तुमच्याविषयी म्हणत नाहीये, असंही म्हटलं.

सरांनी हातातली जुडी चादरीवर ठेवली.

"माझ्याविषयी म्हणा की," ते म्हणाले. "मी वीस वर्षं पोरांना पळताना पाणी पिऊ दिलं नाही."

मला हे माहीत नव्हतं.

"माझ्या सरांनी मला सांगितलेलं, पळताना पाणी प्यालं की पोटात कळ येते, पाय जड होतात. मी तेच पुढं सांगत राहिलो. शाळेच्या मैदानाच्या कोपऱ्यात नळ होता. नळाकडं जाणाऱ्या पोराला मी दोन फेऱ्या जास्त द्यायचो. ऊन कसलं, तुम्हाला माहितीय. आपल्याकडं एप्रिलातच पारा चाळीस ओलांडतो. एका मे महिन्यात जिल्हा स्पर्धेचा सराव चालू होता आणि एक पोरगा पळता पळता आडवातिडवा जायला लागला. मला वाटलं, नाटक करतोय. मग पडला. काहीतरी बडबडायला लागला, आईला तेलुगूत हाका मारत होता. अंग तव्यासारखं तापलेलं. आम्ही काय केलं? भोवती गर्दी केली आणि कांदा फोडून हुंगवला. शिपाई हुशार. त्यानं घागर आणून सरळ पोराच्या अंगावर ओतली, मग दुसरी, मग तिसरी. त्या शिपायामुळं वाचला पोरगा. माझ्यामुळं नाही."

काही वेळ फक्त पिनांचा आवाज.

उन्हाचा झटका ओळखायची खूण हीच: धावणारा माणूस तोल जाऊन चालायला लागतो, असंबद्ध बोलतो, साध्या प्रश्नाला चिडतो. शरीराच्या आतलं तापमान चाळीस अंशांच्या वर गेलेलं असतं आणि हातात वेळ फार थोडा असतो, जेमतेम अर्धा तास. आधी जागच्या जागी गार करायचं, बर्फाच्या पाण्यात बसवायचं, नाहीतर गार पाण्याने भिजवत वारा घालत राहायचं, आणि दवाखान्यात न्यायचं ते नंतर. शिपायाने कुणी न शिकवता केलं ते बरोबर होतं. दुसऱ्या टोकालाही धोका आहेच. २००२ च्या बोस्टन मॅरेथॉनमध्ये ४८८ धावकांचं रक्त तपासलं, तर त्यातल्या १३ टक्के लोकांच्या रक्तातलं सोडियम घसरलेलं निघालं, आणि त्याचं मोठं कारण वाटेत गरजेपेक्षा जास्त पाणी प्यायलं हे होतं. म्हणजे पाण्याच्या टेबलावर उभ्या असलेल्या स्वयंसेवकाने प्रेमापोटी 'अजून एक ग्लास घ्या' म्हणायचं नसतं. हे सांगितल्याशिवाय कुणाला कळणार?

"म्हणून तर मी म्हणते, शिकलेलाच माणूस उभा करा. सेवा आहे म्हणून कुणीही चालेल, असं नको."

"शिकलेला आणि पगारी हे दोन वेगळं आहे, ताई. मला पाण्याचं खरं कुणी सांगितलं? तुमच्या रविवारच्या डॉक्टरांनी. मैदानावर बसून तासभर समजावलं. त्यांनी कुठं फी घेतली?"

हे त्यांचं बरोबर होतं. तसं मी कबूलही केलं.

मग सरांनी आपलं ठेवणीतलं उदाहरण काढलं. सोलापूरकराशी वाद घातला की तो शेवटी सिद्धेश्वरापाशीच येतो. "नंदीध्वज बघा. सात काठ्या. अडुसष्ट लिंगांची प्रदक्षिणा. पांढरी बाराबंदी घातलेले ते गडी काठी तोलून मैलोन्‌मैल चालतात. कुणी मजुरी मागतं का? मजुरी दिली ना, तर काठी खाली पडेल."

"सर, ते गडी यात्रेच्या दिवशी पहिल्यांदा काठी हातात घेतात का?"

"छे. आधी किती दिवस सराव चालू असतो. आत्ताही रात्री चालू असेल."

"सराव न केलेल्याला काठी देतात?"

"देतील कसे? गर्दीत पडली तर?"

"मग आपण सराव न केलेल्या पोराला अठराव्या किलोमीटरवर पाण्याच्या टेबलाशी का उभं करतो? तिथं माणूस पडला तर?"

सर हसले. बऱ्याच वेळाने हसले. "हे मान्य," म्हणाले. "उद्या संध्याकाळी सगळ्यांना मैदानावर बोलवा. मी एकेकाला पाडून दाखवतो आणि कसं उचलायचं ते शिकवतो. बर्फाचे टब दोन ठेवा, एक शेवटच्या रेषेवर, एक अठराला." ते मी लगेच वहीत लिहून घेतलं. वादातून एवढं तरी पदरात पडलं.

अठरावा किलोमीटर ही सरांची जागा. दर वर्षी ते तिथंच उभे राहतात, विजापूर रस्त्यावरून परतताना. जानेवारीची पहाट गार असते, पण साडेनवाला ऊन मानेवर बसायला लागतं आणि माणसं मोडतात ती नेमकी तिथं. एकवीसपैकी अठरा झालेले, तीन राहिलेले, आणि पाय नाही म्हणतात. अशा वेळी सर ओरडत नाहीत. बाजूने चालायला लागतात, वीस-पंचवीस पावलं, आणि घरचं काहीतरी विचारतात. जेवायला काय आहे आज, पोरगी कितवीत गेली. उत्तर नीट आलं तर पुढे सोडतात, अडखळलं तर खाली बसवतात. मला पहिल्या वर्षी त्यांनी विचारलं होतं, शेंगाचटणी घरी कुटता की विकत आणता. तेव्हा राग आला होता. ती तपासणी होती, हे नंतर कळलं.

"हे काम पगारी माणूस करेल का?" सर म्हणाले. "साडेनऊला त्याची पाळी संपली की तो जाणार. शेवटचा माणूस साडेदहाला येतो."

लंडनमधल्या पार्करनची गोष्ट त्यांनीच एकदा मुलांना सांगितली होती. २ ऑक्टोबर २००४, बुशी पार्क, पहिल्या दिवशी १३ धावक. दुखापतीमुळे स्वतः पळू न शकणाऱ्या एका माणसाने मित्रांसाठी सुरू केलेली ती धाव आज वीसहून अधिक देशांत दर आठवड्याला होते, फुकट, आणि जागोजागी तिथले स्वयंसेवक ती चालवतात. त्यांचा एक स्वयंसेवक कायम सगळ्यात मागे चालतो. नेमून दिलेलं कामच ते, म्हणजे आलेल्यांपैकी कुणालाच शेवटचं यावं लागत नाही. सरांना हे फार आवडतं. मलाही आवडतं.

"पण सर, मागे कोण चालतं आणि केळी कोण कापतं, हे कधी बघितलंय का तुम्ही?"

"म्हणजे?"

मी गेल्या वर्षीची स्वयंसेवकांची यादी आणली. नंबर वाटप, बायका. नाष्टा, बायका. केळी, संत्री, मेडल गळ्यात घालणं, बायका. झेंडा घेऊन ठरावीक वेगाने पळणारे पेसर, पुरुष. माइक, पुरुष. सायकलवरचे मार्गरक्षक, पुरुष. यादी करताना कुणाच्याच मनात काही वाईट नव्हतं. हात आपोआप तसं लिहून गेला, आणि त्यातला अर्धा हात माझाच होता. घरी पहाटे चारला डबे करून आलेली बाई मैदानावर येऊन पुन्हा सुरीच हातात घेते, आणि आपण तिला सेवा म्हणतो.

सर यादीवरून बोट फिरवत खाली गेले आणि एका नावाशी थांबले.

"ही केळ्यावर होती?"

"तीन तास. बाराशे केळी."

ही सरांची मुलगी. म्हणजे त्यांच्या हाताखालची. आई विड्या वळते, रोज हजार विड्यांचा हिशेब, मांडीवर सूप आणि समोर तेंदूच्या पानांची चळत. आठवीत असताना ही पोर अनवाणी पळून शाळेच्या मुलांना मागे टाकायची. तिच्या आईला समजवायला सर त्या दारात किती वेळा उभे राहिले असतील, ते त्यांनाच माहीत. भरतीत तिचे मैदानाचे गुण उत्तम होते. लेखी परीक्षेत थोडक्यात गेली. आता टॉवेलच्या कारखान्यात शिलाई करते, नगावर मजुरी.

"ती आली आणि मला भेटली नाही," सर म्हणाले.

"तुम्ही अठराला होतात. आणि तिने अर्धा दिवस बुडवला होता, सर. शिलाई नगावर असते. तिला ती सेवा दोन-अडीचशे रुपयांना पडली. तुमची सेवा पेन्शनवर चालते, माझी बँकेच्या पगारावर. आपल्याला परवडते म्हणून आपण तिला पवित्र म्हणतो. तिला परवडत नाही. तुमच्यानंतर मैदानावर कोण उभं राहणार, हा प्रश्न निघतो तेव्हा तुम्हीच तिचं नाव घेता. तिच्याएवढे कान तयार झालेलं दुसरं कुणी नाही म्हणता. मग ती पहाटे पाचला कशाच्या जोरावर येईल? आणखी आठ-दहा वर्षांनी पुन्हा कुणीतरी पेन्शन असलेलाच माणूस शोधायचा का? तोवर मधल्या पोरींनी काय करायचं?"

सर बराच वेळ यादी बघत राहिले. मग त्यांनी पिना बाजूला सारल्या.

"ठरावाचा कागद आणा."

आणला. खिशातलं पेन काढून त्यांनी स्वतःच्या नावावर आडवी रेघ मारली आणि वर तिचं नाव लिहिलं. 'रविवारच्या लोकांची फी' या ओळीखाली बारीक अक्षरात भर घातली: फी भरणाऱ्याला वेळ बदलून मागता येणार नाही. कागद माझ्याकडे सरकवत म्हणाले, "माझं मत बदललेलं नाही. मी घेणार नाही. तिला द्या."

"तिला विचारायला नको?"

साडेनऊ वाजले होते. सरांनी फोन लावून तो चादरीवर मधोमध ठेवला. पलीकडे शिलाई मशिनची घरघर, मग ती थांबली. सरांनी एका दमात सगळं सांगून टाकलं: मानधन, पहाटेची वेळ, मुलींची तुकडी.

"महिन्याला देणार का दिवसाला?" तिने विचारलं.

"महिन्याला," मी म्हटलं.

"पाचलाच ना सर? आठला मला मशिनवर बसावं लागतं."

"पाचला. कागदावर लिहिलंय."

"बरं. आईला विचारून सांगते." मशिन पुन्हा सुरू झाल्यासारखी वाटली, पण ती बोलत होती. "रविवारी धावेला येते मी. पण सर, केळी कापायला लावू नका."

फोन बंद झाला. मी यंदाची यादी उघडली. रस्त्यावरच्या सगळ्या जागा भरलेल्या होत्या. अठराव्या किलोमीटरपुढे सरांचं नाव होतं.

"ते खोडा," सर म्हणाले. "तिचं लिहा तिथं. केळी मी कापतो."